फायर अलार्म पॅनेल बसवताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

मी स्वतः वायरिंग करून चालू केलेल्या पहिल्या पॅनेलवर, म्हणजे डिटेक्टर आणि हूटर जिथे जोडतात त्या नियंत्रण-पेटीवर, फक्त हिरवा दिवा होता. एकही फॉल्ट (दोषाचा इशारा) नाही, डिस्प्लेवर 'सिस्टिम नॉर्मल'. माझे वरिष्ठ तपासणीला आले. त्यांनी जिन्यातला एक हूटर (अलार्मचा भोंगा) भिंतीवरून उतरवला, टर्मिनलमधून वायर सोडवली आणि खाली येऊन विचारलं, "पॅनेल काय म्हणतंय?" पॅनेल काहीच म्हणत नव्हतं. हूटर माझ्या हातात आणि दिवा तसाच हिरवा.

कारण साधं होतं. हूटरपाशी मी वायर कापलीच नव्हती. इन्सुलेशन थोडं सोलून स्क्रूभोवती वळसा दिला होता आणि वायर तशीच पुढे नेली होती. हूटर निघाला तरी वायर शेवटपर्यंत अखंड, त्यामुळे पॅनेलला काही कळायचा मार्गच नव्हता. त्या दिवशी सगळ्या हूटरची जोडणी पुन्हा केली.

इमारतीत आग क्वचितच लागते. मधल्या सगळ्या काळात पॅनेल एकच काम करत असतं: आपल्या तारा, आपली बॅटरी, आपली मेन्स (इमारतीचा वीजपुरवठा) शाबूत आहे का ते पाहत राहणं. जोडणाऱ्याच्या हातून ही नजर कुठे झाकली गेली, तर हिरव्या दिव्याला काही अर्थ उरत नाही. पुढे लिहिलेल्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी एक मर्यादा स्पष्ट करतो. कुठे कोणता डिटेक्टर (धूर किंवा उष्णता ओळखणारं उपकरण) लागेल हे ठरवणं, म्हणजे डिझाइन, हे त्या विषयातल्या जाणकाराचं काम आहे. मेन्सची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची. आणि अग्निशमन अधिकाऱ्यांची मंजुरी लागते तिथे ती काम सुरू होण्याआधी घ्यायची. हा लेख वाचून एकट्याने इमारतीची यंत्रणा उभी करू नका. अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करताना आपण काय करतोय आणि का, हे कळावं म्हणून तो लिहिला आहे.

१. आधी कागद, मग ड्रिल

काम सुरू करण्याआधी हे हातात हवं:

– मंजूर झालेला आराखडा, ज्यात प्रत्येक डिटेक्टर, कॉल पॉइंट (आग दिसल्यावर माणसाने काच दाबायची पेटी), हूटर आणि मॉड्यूल (लिफ्ट, पंखे अशा इतर यंत्रणा पॅनेलला जोडणारं उपकरण) यांची जागा आहे
– पॅनेलचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, त्याच मॉडेलचं आणि त्याच आवृत्तीचं
– डिटेक्टर, बेस (छताला लागणारी डिटेक्टरची बैठक), हूटर यांची डेटाशीट
– बॅटरीचा आणि व्होल्टेज ड्रॉपचा (वायरीत होणाऱ्या व्होल्टेजच्या घटीचा) हिशेब
– कॉज अँड इफेक्ट तक्ता, म्हणजे काय वाजलं की काय घडायला हवं याची यादी
– तुमच्याकडे लागू असलेलं मानक

मानक जागेनुसार बदलतं. कुठे अमेरिकेचं एनएफपीए ७२, कुठे ब्रिटनचं बीएस ५८३९, कुठे भारताचं आयएस २१८९. उपकरणांसाठी युरोपच्या ईएन ५४ किंवा अमेरिकेच्या यूएल ८६४ यांची मान्यता पाहतात. दोन मानकांतले आकडे एकमेकांत मिसळू नका. एका मानकातलं डिटेक्टरांचं अंतर आणि दुसऱ्यातला बॅटरीचा काळ घेऊन केलेला हिशेब कुठल्याच तपासणीत टिकत नाही.

जुनं पॅनेल काढून नवं बसवायचं असेल, तर मधल्या काळात इमारतीचं रक्षण कोण करणार हे आधी लेखी ठरवा. यंत्रणा बंद असताना माणसाने मजल्यांवर फिरून पहारा द्यावा लागतो. हे शेवटच्या दिवशी आठवलं की कोणीतरी "दोन तासांचाच प्रश्न आहे" म्हणतो, आणि ते दोन तास रात्रीपर्यंत लांबतात.

२. हत्यारं

मल्टिमीटर, इन्सुलेशन टेस्टर म्हणजे मेगर, वायर स्ट्रिपर, फेरूल (वायरच्या टोकावर बसणारी धातूची नळी) आणि ते दाबायचं क्रिम्पर, लहान टर्मिनलांना बसणारे स्क्रूड्रायव्हर, केबल ग्लँड (पेटीच्या छिद्रात केबल घट्ट धरणारा भाग), वायरवर चढवायचे नंबर, अँटिस्टॅटिक रिस्ट स्ट्रॅप, धुराचा टेस्ट स्प्रे आणि तो वरपर्यंत पोचवणारी काठी, साउंड लेव्हल मीटर. मेन्सच्या एमसीबीला लावायचं कुलूप आणि 'काम चालू आहे' ही पाटी यांना हत्यारांइतकंच महत्त्व द्या.

३. जागा

पॅनेल अशा जागी हवं, जिथे अग्निशमन दल आत येताच पोचेल. बहुतेक वेळा ही जागा तळमजल्यावर मुख्य दाराजवळ असते. कोरडी, उजेडाची, थेट ऊन न येणारी, आणि डिस्प्ले उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी. पॅनेलचं दार पूर्ण उघडतं का, हे भिंतीला छिद्र पाडण्याआधी पाहा.

पॅनेलच्या वरच्या छताला एक स्मोक डिटेक्टर असायलाच हवा. आग पॅनेलजवळच लागली, तर पॅनेल निकामी होण्याआधी इशारा बाहेर गेला पाहिजे.

४. पेटी भिंतीवर, बोर्ड खोक्यात

नवशिक्यांच्या हातून सगळ्यात महागडी चूक इथे होते. पेटीला ग्लँडसाठी छिद्रं पाडताना आतला सर्किट बोर्ड तसाच राहतो. लोखंडाचा बारीक कीस बोर्डवर पडतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी कधी अर्थ फॉल्ट (एखाद्या तारेचा अर्थिंगशी नको तो संपर्क) तर कधी अचानक रीस्टार्ट असे विचित्र प्रकार सुरू होतात. म्हणून आधी बोर्ड बाहेर काढा. रिस्ट स्ट्रॅप लावा, बोर्ड कडेने धरा, अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि खोक्यात ठेवून द्या. सगळी छिद्रं पाडून, पेटी पुसून, वायर आत घेऊन झाल्यावरच तो परत बसवा.

शक्य तिथे पेटीला आधीच दिलेले नॉकआउट (ठोकून उघडायची तयार छिद्रं) वापरा. मेन्सची केबल एका बाजूने आणि बाकीच्या कमी व्होल्टेजच्या केबल दुसऱ्या बाजूने आत घ्या. पेटीच्या आतही त्यांना एकमेकींजवळ येऊ देऊ नका. पेटीच्या तळाशी बॅटऱ्या बसणार आहेत, तिथून केबल आणू नका. न वापरलेली छिद्रं बंद करा.

५. वायर पॅनेलला जोडण्याआधी तपासा

केबल आगीत काही काळ टिकणारी हवी आणि ती धरणाऱ्या क्लिपाही धातूच्या हव्यात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या उष्णतेने वितळल्या की केबल खाली लोंबते आणि नेमक्या त्या वेळी बाहेर पडणाऱ्या लोकांच्या आणि आत शिरणाऱ्या जवानांच्या अंगात अडकते. पॉवर केबलच्या कंड्युटमधून अलार्मची केबल नेऊ नका.

आता मेगर. ५०० व्होल्टची इन्सुलेशन चाचणी फक्त रिकाम्या केबलवर करायची. दोन्ही टोकं मोकळी हवीत, कुठेही डिटेक्टर, मॉड्यूल, हूटर किंवा पॅनेल जोडलेलं नको. एक डिटेक्टर लागलेला राहिला, तरी तो त्या चाचणीत जळू शकतो आणि कधी कधी अर्धवट जळतो, ते तर आणखी वाईट. मी प्रत्येक लाइनच्या टोकाला कागद बांधून त्यावर 'मोकळी, मेगर झालं' असं तारखेसह लिहितो.

क्रम असा ठेवा: आधी दोन तारांमध्ये, मग प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात इन्सुलेशन पाहा. नंतर टोकाला दोन तारा जोडून मल्टिमीटरने लाइनचा रेझिस्टन्स मोजा आणि लिहून ठेवा. हा आकडा पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

केबलला शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) असेल तर ती सबंध लाइनभर सलग जोडा आणि अर्थ फक्त पॅनेलच्या टोकाला द्या. मधल्या एखाद्या पेटीत शिल्डचा मोकळा केस धातूला टेकला की अर्थ फॉल्ट आलाच. तो शोधायचा तर लाइन मधोमध तोडा, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहा, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. टोकापासून एकेक पेटी उघडत गेलात, तर दिवस जातो.

६. डिटेक्टरची लाइन

पॅनेल दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींची जोडणी वेगळी आहे.

कन्व्हेन्शनल पॅनेलमध्ये इमारतीचे झोन असतात. एका झोनचे सगळे डिटेक्टर एकाच जोडवायरीवर असतात आणि त्या वायरीच्या शेवटी एक रेझिस्टर असतो, एन्ड ऑफ लाइन. पॅनेल त्या रेझिस्टरमधून सतत थोडासा करंट पाठवतं. करंट नेहमीइतका असेल तर सगळं ठीक. करंट थांबला म्हणजे वायर तुटली. डिटेक्टर आगीचा इशारा देतो, तेव्हा लाइनवर कमी रेझिस्टन्स येतो, करंट वाढतो आणि पॅनेल त्याला आग समजतं. हे एकदा नीट कळलं की पुढचे सगळे सापळे आपोआप दिसू लागतात.

पहिला सापळा: एन्ड ऑफ लाइन पॅनेलमध्येच लावणं. नव्या पॅनेलबरोबर हे रेझिस्टर बऱ्याचदा झोनच्या टर्मिनलला लावूनच येतात. कंपनीने ते तात्पुरते दिलेले असतात. ते तिथेच ठेवून वायर समांतर जोडली, तर पॅनेल आपल्याच पेटीतला रेझिस्टर पाहत बसतं आणि सबंध मजल्याची वायर तुटली तरी त्याला पत्ता लागत नाही. रेझिस्टर शेवटच्या उपकरणातच बसायला हवा. किंमतही मॅन्युअलमध्ये दिलेलीच हवी: कुठे ४.७ किलोओहम, कुठे ६.८, कुठे १०. हाताला लागला तो बसवायचा नाही.

दुसरा: मधूनच फाटा काढणं. लाइन पुढे गेली आहे, एक खोली राहिली, म्हणून मधल्या डिटेक्टरपासून तिकडे वेगळी वायर नेली. डिटेक्टर चालतो, स्प्रे मारला की अलार्मही येतो. पण त्या फाट्याच्या टोकाला रेझिस्टर नसल्यामुळे तो तुटला तर पॅनेल गप्पच राहील. कन्व्हेन्शनल झोनमध्ये वायर एकामागून एक सगळ्या उपकरणांतून जायला हवी, फाटा चालत नाही.

तिसरा: डिटेक्टरच्या बेसमध्ये येणारी आणि जाणारी वायर एकाच टर्मिनलमध्ये घालणं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या लाइनसाठी बेसमध्ये वेगवेगळी टर्मिनल असतात. डिटेक्टरचं डोकं, म्हणजे बेसवर बसणारा भाग, फिरवून काढलं की त्यांच्यातला संपर्क तुटतो आणि पॅनेलवर फॉल्ट येतो. दोन्ही वायर एकत्र दाबल्या, तर कोणीतरी डिटेक्टर काढून नेला तरी लाइन अखंड दिसेल. माझ्या हूटरची गोष्ट इथेही तीच.

चौथा: मॅन्युअल कॉल पॉइंटमधला रेझिस्टर विसरणं. काच दाबली की कॉल पॉइंट लाइनच्या दोन तारा एकमेकींना जोडतो. मध्ये ठरलेला रेझिस्टर असेल, बहुतेकदा ४७० किंवा ६८० ओहम, तर पॅनेलला ती आग वाटते. रेझिस्टर नसेल तर सरळ शॉर्ट होतो, आणि बरीच पॅनेलं शॉर्टला फॉल्ट समजतात. माणसाने आग पाहून काच दाबली आणि हूटर वाजलेच नाहीत, तर त्या माणसाने आणखी काय करायला हवं होतं?

अॅड्रेसेबल पॅनेलमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असतो आणि पॅनेल एकेकाला हाक मारून विचारत राहतं. वायर पॅनेलमधून निघून सगळीकडे फिरून परत पॅनेलमध्ये येते, म्हणजे लूप पूर्ण होतो. एका जागी वायर तुटली तरी पॅनेल दोन्ही टोकांनी सगळ्यांपर्यंत पोचतं. मात्र जाणारी आणि येणारी वायर एकाच कंड्युटमधून नेली असेल, तर एका आगीत दोन्ही एकदम जातात आणि लूप केल्याचा फायदा तिथेच संपतो. दोन्ही टोकांचे मार्ग वेगळे ठेवा.

शॉर्ट झाला तर तेवढाच तुकडा बाजूला पडावा म्हणून मधे आयसोलेटर लावतात. ते सगळे पॅनेलजवळ एकत्र बसवून उपयोग नाही, लूपभर विखुरलेले हवेत. ईएन ५४-२ नुसार एका लूपवरच्या एका दोषामुळे ३२ हून अधिक डिटेक्टर आणि कॉल पॉइंट बंद पडता कामा नयेत.

पत्ते देण्याचं काम जमिनीवर बसून करा, शिडीवर नाही. प्रत्येक डिटेक्टरला पत्ता द्या, त्याच्या डोक्यावर आणि बेसवर तोच आकडा लिहा, आराखड्यावर खूण करा. एकच पत्ता दोघांना गेला की पॅनेल फॉल्ट देतं, पण ते दोघे कुठे आहेत हे शोधायला अख्खी इमारत फिरावी लागते.

रंगकाम आणि घासकाम पूर्ण होईपर्यंत डिटेक्टरवरची धूळ-टोपी काढू नका. बांधकामाची धूळ एकदा आत गेली की तो डिटेक्टर खोटे अलार्म देत राहतो. खोट्या अलार्मला कंटाळलेले लोक हूटर बंद करून ठेवतात.

७. हूटरची लाइन आणि व्होल्टेजचा हिशेब

हूटरच्या लाइनला शेवटी रेझिस्टर असतो, पण नजर ठेवायची पद्धत थोडी वेगळी आहे. शांत असताना पॅनेल या लाइनवर उलटी पोलॅरिटी ठेवतं, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल. हूटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तेव्हा करंट अडवतो, म्हणून हूटर वाजत नाही, फक्त रेझिस्टरमधून करंट वाहतो. अलार्म आला की पोलॅरिटी पलटते आणि हूटर वाजतात. म्हणून प्लस-मायनस चुकलेला हूटर शांत वेळेतच वाजेल किंवा लाइनवर फॉल्ट येईल. वायर प्रत्येक हूटरपाशी कापायची, येणारी वायर 'इन'मध्ये आणि जाणारी 'आउट'मध्ये. वळसा देऊन पुढे न्यायची नाही.

आता हिशेब. समजा लाइनवर २० हूटर आहेत, प्रत्येकी ५० मिलिअँपिअर, एकूण १ अँपिअर. केबल १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, लांबी २०० मीटर. अशा तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी ४०० मीटर धरायची: ४.८ ओहम. १ अँपिअरला ४.८ व्होल्ट वाटेतच जातात.

पॅनेलमधून २४ व्होल्ट निघत असतील, तर शेवटच्या हूटरला १९.२ मिळतील आणि तो वाजेल. चाचणीच्या दिवशी मेन्स असते, म्हणून सगळं छान दिसतं. पण हिशेब वाईट वेळेचा करायचा असतो. मेन्स गेलेली, बॅटरी उतरत आलेली, व्होल्टेज २०.४ वर आलेलं. त्यातून ४.८ वजा केले की १५.६. बरेच हूटर १६ व्होल्टखाली चालतील याची हमी कंपनी देत नाही. हीच लाइन २.५ चौरस मिलिमीटरची केली, तर घट सुमारे ३ व्होल्टवर येते आणि शेवटी १७.४ उरतात. किंवा हूटर दोन लाइनवर वाटून द्या. सगळा भार टोकालाच आहे असं मी धरतो. प्रत्यक्षात तो वाटलेला असतो, म्हणून घट याहून कमीच येते, आणि सुरक्षेच्या कामात हिशेब असाच चुकला तर चालतो.

८. बॅटरी

बहुतेक पॅनेलं २४ व्होल्टची असतात आणि १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-अॅसिड बॅटऱ्या सीरीजमध्ये लावतात. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला छोट्या वायरीने जोडायचा. सीरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, क्षमतेची नाही. १२ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या जोडल्या तरी क्षमता १२च राहते. या गोष्टीवर मी चांगल्या जाणत्या लोकांनाही अडखळताना पाहिलं आहे.

किती क्षमता लागेल? मानक सांगेल तितका काळ यंत्रणा शांतपणे चालायला हवी आणि त्यानंतरही हूटर वाजायला हवेत. एनएफपीए ७२ मध्ये साधारणपणे २४ तास स्टँडबाय (अलार्म नसतानाची शांत अवस्था) आणि मग ५ मिनिटं अलार्म धरतात, व्हॉइस यंत्रणा असेल तर १५ मिनिटं. इतर मानकांत बहुधा २४ तास आणि अर्धा तास. उदाहरण अर्ध्या तासाचं घेऊ.

पॅनेल ०.१८ अँपिअर, ८० डिटेक्टर प्रत्येकी ०.३ मिलिअँपिअरने ०.०२४, मॉड्यूल मिळून ०.०२६. एकूण ०.२३ अँपिअर. २४ तासांना ५.५२ अँपिअर-तास. अलार्मच्या वेळी १.६ अँपिअर, अर्ध्या तासाला ०.८. बेरीज ६.३२. बॅटरी जुनी होते तशी तिची क्षमता घटते, म्हणून १.२५ ने गुणायचं: ७.९. म्हणजे ७ अँपिअर-तासाची बॅटरी इथे कमी पडते, पुढचा आकार १२चा. पेटीत ७ची सहज बसते, म्हणून तीच लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत.

उलट टोकही गाठू नका. पॅनेलच्या चार्जरची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तिच्यापेक्षा मोठी बॅटरी वेळेत चार्जच होत नाही.

दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच तारखेच्या हव्यात. बसवल्याची तारीख मार्करने वर लिहा. अंगठी, घड्याळ, धातूचं कडं काढून ठेवा. बॅटरी लहान असली तरी शॉर्ट झाली की चटका खोल बसतो.

९. मेन्स आणि पहिल्यांदा चालू करणं

पॅनेलला स्वतंत्र सर्किट हवं. त्यावर दुसरं काहीही नको, एक साधा सॉकेटसुद्धा नको. डिस्ट्रिब्यूशन बोर्डमधल्या त्या एमसीबीवर 'फायर अलार्म, बंद करू नये' अशी ठळक पाटी लावा आणि शक्य असेल तर ती कुलूपबंद ठेवा. प्लग-पिन लावून पॅनेल चालवायचं नाही. साफसफाई करणारा माणूस कधीतरी तो प्लग काढतोच.

अर्थ आधी जोडा. मेन्सची जोडणी बंद, कुलूपबंद आणि मीटरने तपासलेल्या सर्किटवरच करा. टर्मिनलवरचं झाकण परत बसवा.

पहिल्यांदा चालू करताना एकही लाइन जोडू नका. झोनच्या आणि हूटरच्या टर्मिनलला कंपनीचे ते तात्पुरते एन्ड ऑफ लाइन लावा आणि फक्त पॅनेल चालू करा. बहुतेक मॅन्युअल आधी मेन्स आणि मग बॅटरी असा क्रम सांगतात. तुमचं काय म्हणतं ते वाचा. चार्जिंग व्होल्टेज मोजा, साधारण तापमानात ते २७.३ च्या आसपास हवं. पॅनेल नॉर्मल दिसलं की पुन्हा बंद करा, बॅटरीही काढा, मग एकच लाइन जोडा, चालू करा, पाहा. मग दुसरी. सगळ्या लाइन एकदम जोडून चालू केलं आणि सात फॉल्ट एकत्र आले, तर कुठून सुरुवात करायची हे कोणालाच सुचत नाही.

आणि मेन्स बंद केली म्हणजे पॅनेल मेलं असं नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डवर २४ व्होल्ट आहेतच.

१०. सेटिंग

अॅड्रेसेबल पॅनेलमध्ये ऑटो-लर्न नावाची सोय असते. पॅनेल लूपवर कोण कोण आहे ते स्वतः शोधतं. ही सुरुवात समजा, सेटिंग नव्हे. पॅनेलला सापडलेल्यांची संख्या आराखड्यातल्या संख्येशी जुळवा. एक जरी कमी असला तरी तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ऑटो-लर्नने जो पाहिलाच नाही तो पुढे हरवला तरी पॅनेल तक्रार करणार नाही.

नावं मन लावून द्या. रात्री तीन वाजता धावत आलेल्या जवानाला 'डिव्हाइस ०४७' काय सांगणार? 'दुसरा मजला, पूर्व जिना, लिफ्टसमोर' हे नाव त्याला थेट जागेवर नेतं. जागेची नावं भिंतीवरच्या पाट्यांशी जुळायला हवीत.

मग कॉज अँड इफेक्ट. अलार्म आल्यावर लिफ्ट खाली यावी, एसीचे मोठे पंखे बंद व्हावेत, चुंबकाने उघडी धरलेली दारं सुटावीत, कुलूपबंद दारं मोकळी व्हावीत. ज्या दारांचं चुंबक वीज गेल्यावरही सुटणार नाही, अशी रचना कुठे दिसली तर काम थांबवा आणि डिझाइन करणाऱ्याला कळवा. तुम्ही सेटिंग करून ती दुरुस्त होणार नाही.

कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. रीसेट, सायलेन्स आणि डिसेबल हे इमारतीच्या जबाबदार माणसापुरतं, सेटिंग बदलणं फक्त तंत्रज्ञापुरतं. शेवटी कॉन्फिगरेशनची प्रत दोन जागी जपून ठेवा.

११. चाचणी

गॅसने आग विझवणारी यंत्रणा पॅनेलशी जोडलेली असेल, तर चाचणीआधी तिचा अॅक्च्युएटर (वायू सोडणारा भाग) सिलिंडरवरून प्रत्यक्ष वेगळा करा. सॉफ्टवेअरमध्ये डिसेबल करून भागणार नाही. काही वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकतात, त्यात कार्बन डायऑक्साइड पहिला. काम संपल्यावर तो परत जोडला याची दोघांनी मिळून खात्री करा आणि सही करा.

इमारतीतल्या सगळ्यांना वेळ सांगा. अलार्म बाहेरच्या नियंत्रण कक्षाला किंवा अग्निशमन दलाला जात असेल, तर त्यांनाही आधी कळवा.

मग प्रत्येक उपकरण, एकही न सोडता. स्मोक डिटेक्टरला टेस्ट स्प्रे, हीट डिटेक्टरला गरम हवेचं उपकरण. लायटर किंवा जळता कागद नाही, त्याने डिटेक्टर काळवंडतो आणि खराब होतो. एक माणूस पॅनेलपाशी, एक वर. वरच्याने जागा सांगायची, खालच्याने डिस्प्लेवरचं नाव वाचायचं, दोन्ही जुळलं की खूण करायची.

अलार्म येतो हे पाहिलं म्हणजे अर्धी चाचणी झाली. उरलेली अर्धी लोक गाळतात: पॅनेलला फॉल्ट कळतो का? प्रत्येक झोनमधला एक डिटेक्टर काढा. प्रत्येक हूटर-लाइनच्या टोकाची वायर सोडवा. एक तार अर्थला टेकवा. मेन्स बंद करा. मेन्स चालू ठेवून बॅटरी काढा. लूपची एक बाजू तोडा आणि पलीकडची उपकरणं अजून उत्तर देतात का ते पाहा. प्रत्येक वेळी पॅनेलने पिवळा दिवा लावून आवाज दिला पाहिजे आणि दोष काय आहे ते नेमकं सांगितलं पाहिजे. फॉल्ट आला नाही तिथे जोडणी चुकली आहे, पॅनेल नाही.

आवाज मोजा, कानावर विसंबू नका. बीएस ५८३९ मध्ये साधारण ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त असं सांगितलं आहे, आणि झोपायच्या खोलीत उशीपाशी ७५. खोलीची दारं बंद करून मोजा, कारण लोक दारं बंद करूनच झोपतात.

शेवटी मेन्स बंद करून पॅनेल ठरलेले तास बॅटरीवर ठेवा आणि मग अलार्म द्या. २४ तास थांबायला कोणाला वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तरीही हस्तांतरापूर्वी एकदा हे कराच. कागदावरचा बॅटरीचा हिशेब बरोबर होता की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

१२. ताबा देताना

इमारतीच्या जबाबदार माणसाला पॅनेलसमोर उभं करा आणि त्याच्याच हाताने सायलेन्स, रीसेट आणि डिसेबल करवून घ्या. तुम्ही करून दाखवलंत तर तो मान हलवेल आणि विसरेल. त्याला हे द्या:

– प्रत्यक्ष झालेल्या कामाचा आराखडा, मूळ डिझाइनचा नव्हे
– पॅनेलशेजारी लावलेला झोनचा नकाशा, पाहणाऱ्याच्या दिशेने बरोबर वळवलेला
– चाचणीचे सगळे आकडे, लाइनच्या रेझिस्टन्ससकट
– मॅन्युअल आणि कॉन्फिगरेशनची प्रत
– नोंदवही, जिच्यात पहिली नोंद तुमच्या हातची असेल

आठवड्यातून एकदा एक कॉल पॉइंट दाबून पाहायचा, दर आठवड्याला वेगळा, हे त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. आणि बॅटऱ्या बदलायचं वर्षही तिथेच लिहा. त्या साधारण चार वर्षांनी बदलतात, तोवर इमारतीतला तो माणूस बदललेला असेल आणि वहीच बोलेल.

डिटेक्टरवरच्या सगळ्या धूळ-टोप्या निघाल्या का, हे निघण्याआधी मोजून पाहा. जितके डिटेक्टर, तितक्या टोप्या तुमच्या पिशवीत हव्यात.